डेक्कन कॉलेजची प्रगती कुठल्या रकान्यात लिहायची?

कुठल्याही विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडा. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य हे तीन मथळे हमखास भेटतात. पहिल्याखाली विद्यार्थ्यांची संख्या, दुसऱ्याखाली शोधनिबंधांची संख्या आणि तिसऱ्याखाली शिबिरांचे फोटो. पीएचडीसाठी जागा शोधताना आपण हे वाचतो, शेजारी रँकिंगची यादी ठेवतो आणि पुढची पाच-सहा वर्षं कुठे घालवायची ते ठरवतो. निर्णय एवढा मोठा, आणि त्याचा आधार काय, तर तीन रकाने.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे या रकान्यांतून निदान अंदाज तरी येतो, कारण आमचं बहुतेक काम शोधनिबंधाच्या रूपातच बाहेर पडतं. पण जिथे भाषा, इतिहास, पुरातत्त्व असे विषय मुख्य आहेत, त्या विद्यापीठाची प्रगती अशी मोजता येते का? उदाहरण म्हणून पुण्याचं डेक्कन कॉलेज घेते. एक तर ते जवळचं आहे. दुसरं म्हणजे, त्याचं काम इतकं जुनं आणि ठोस आहे की मोजपट्टी आणि संस्था दोन्हींची परीक्षा एकाच वेळी घेता येते.

आधी मोजपट्टी

एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची रँकिंगची पद्धत. पहिली यादी २०१६ साली आली. विद्यापीठांसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या आराखड्यात अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या निष्पत्तीला २० टक्के, 'आउटरीच आणि समावेशकते'ला १० टक्के आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के वजन दिलेलं आहे.

आता आत डोकावू. संशोधनाच्या १०० गुणांपैकी ३५ शोधनिबंधांच्या संख्येला, ३५ त्यांच्या दर्जाला, १५ पेटंटना आणि १५ प्रायोजित प्रकल्प, सल्लासेवा वगैरेंना. निबंध मोजायचे ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून. शब्दकोश करणारा माणूस पेटंट कशाचं घेणार? म्हणजे ते १५ गुण बाहेर पडण्याआधीच गेले. मराठीत लिहिलेला ग्रंथ या यादीत जवळजवळ कधीच दिसत नाही.

खरी गंमत 'आउटरीच'मध्ये आहे. नाव ऐकून वाटेल, विद्यापीठ समाजात जाऊन काय करतं ते इथे मोजत असतील. त्यातले उपघटक असे: परराज्यांतले व परदेशांतले विद्यार्थी (३०), स्त्रियांचं प्रमाण (३०), आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेले विद्यार्थी (२०) आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी (२०). हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण हा आत कोण आलं याचा हिशोब आहे. विद्यापीठ बाहेर कुठे गेलं, याला यात एकही गुण नाही. शिवाय नंदुरबारहून पुण्याला आलेली, घरातली पहिली शिकणारी मुलगी 'प्रादेशिक वैविध्या'त धरली जात नाही, कारण ती राज्यातलीच.

ही मोजपट्टी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ती फक्त काही गोष्टी मोजते. उरलेल्या गोष्टी आपल्याला स्वतः बघाव्या लागतात.

आता संस्था

१८२१ साली पुण्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरुवात झाली. १८६४ मध्ये 'डेक्कन कॉलेज' हे नाव मिळालं. रा. गो. भांडारकर इथे शिकवत, टिळक-आगरकर इथे शिकले. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थ्यांनी थेट न्यायालयात लढा दिला आणि १९३९ मध्ये ते वेगळ्याच रूपात परत उघडलं: पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९३९ नंतरची पहिली पिढी बघा. भाषाशास्त्र आणि संस्कृतसाठी सु. मं. कत्रे, पुरातत्त्वासाठी ह. धी. सांकलिया, समाजशास्त्र-मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे. तिघांचे विषय वेगळे, पण सवय एकच: आधी कच्चा माल गोळा करायचा. शब्द, खापरं, नातेसंबंध, बोली. सिद्धांत नंतर. माझा मुद्दा या सवयीवरच उभा आहे. अशा विद्यापीठाची प्रगती मोजायची तर त्याने काय जमवलं, ते इतरांसाठी किती खुलं केलं आणि ज्यांच्याकडून जमवलं त्यांच्यापर्यंत ते परत गेलं का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. डेक्कन कॉलेज पहिल्या प्रश्नात अव्वल आहे. पुढच्या दोनांत त्याचं प्रगतिपुस्तक उघडून बघण्यासारखं आहे.

एक कोटी चिठ्ठ्या आणि एक अक्षर

१९४८ साली कत्र्यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचं काम सुरू केलं. 'ऐतिहासिक तत्त्वांवर' म्हणजे नुसता अर्थ द्यायचा नाही. शब्द पहिल्यांदा कुठे आला, पुढे त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे संदर्भासकट दाखवायचं. त्यासाठी ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ निवडले. पंचवीस वर्षं फक्त चिठ्ठ्या करण्यात गेली. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कुठल्या ग्रंथात कुठे आला, कोणत्या अर्थाने. अशा साधारण एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९७६ साली बाहेर आला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले आणि काम अजून 'अ' या अक्षरात आहे.

हे ऐकून हसू येतं, पण जरा हिशोब करू. संस्कृतात 'अ' अवाढव्य आहे. नकारार्थी 'अ' आणि 'अन्', शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग त्यातच येतात. तरीही मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशात 'अ' साधारण एक-दशांश जागा घेतो. म्हणजे पन्नास वर्षांत एक-दशांशही पुरा नाही. याच गतीने सरळ रेषा ओढली तर उरलेल्या कामाला चार शतकं पुरणार नाहीत. तुलनेसाठी, अशाच तत्त्वांवरच्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि शेवटचा १९२८ मध्ये.

या कोशाचं कौतुक करणारे लेख वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत चिकाटीचं गुणगान असतं, वरचा हिशोब नसतो. मला वाटतं, कौतुक आणि हिशोब दोन्ही एकत्र मांडायला हवेत. शास्त्रीय दर्जात तडजोड न करता हा कोश कुणाच्या हयातीत पुरा होणार नाही, हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तोवर त्या एक कोटी चिठ्ठ्यांचं काय? 'क' किंवा 'स' पासून सुरू होणाऱ्या शब्दावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने वाट बघत बसायचं का?

विज्ञानात याला सरळ उत्तर आहे. शोधनिबंध यायचा तेव्हा येईल, डेटा आधी खुला करा. चिठ्ठ्या संगणकावर आणायचं काम अलीकडे झालं आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण स्कॅन केलेली चिठ्ठी म्हणजे कागदाचा फोटो. एखादा शब्द टाकला आणि त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या, ग्रंथाच्या काळानुसार लावून, कुणालाही घरबसल्या दिसल्या, तर तो डेटा. या प्रकल्पाची प्रगती पुढचा भाग कधी आला यावरून मोजू नका. लातूरच्या किंवा गुवाहाटीच्या विद्यार्थ्याला चिठ्ठ्या किती सहज वापरता येतात, यावरून मोजा.

अध्यापनाचा प्रश्नही इथेच आहे. चिठ्ठीवरून नोंद कशी लिहायची, अर्थांची उतरंड कशी लावायची, हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. संपादकाच्या शेजारी बसून येतं. म्हणजे कोशाचं दालन हाच वर्ग आहे. तिथे नवीन माणसं शिकून तयार होत नसतील, तर चिठ्ठ्या असून उपयोग नाही.

इनामगावचा खड्डा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही मुख्य नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथे निघालं. शंभराहून अधिक घरं, धान्य साठवायच्या जागा, घरातल्या जमिनीखाली पुरलेली माणसं आणि कुंभांत ठेवलेली लहान मुलं. प्रौढांना पुरताना बहुधा पावलं तोडलेली असायची. शेवटच्या टप्प्यात, इ. स. पू. १००० नंतर, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शिकारीवरचं अवलंबन वाढलेलं दिसतं. पाऊस कमी झाल्याने हे घडलं, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. त्यावर वाद आहेत, आणि असायलाच हवेत.

विज्ञानवाल्यांनी इथे नीट बघावं. जळालेल्या धान्याचे दाणे वनस्पतिशास्त्राची माणसं ओळखत होती, प्राण्यांची हाडं वेगळ्या प्रयोगशाळेत जात होती, सांगाडे आणि दात शारीरिक मानवशास्त्रज्ञ तपासत होते. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द प्रस्तावांत कोंबायची पद्धत पडण्याआधी हे चाललं होतं. आणि विद्यार्थी तिथे तंबूत राहून थर वाचायला शिकत होते. यातलं अध्यापन किती आणि संशोधन किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. रकाने भरणाऱ्या कारकुनाला ते काढावं लागतं, एवढंच.

उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये आला, अर्थातच इंग्रजीत. पण ढवळीकरांनी पुढे 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहिली, साध्या मराठीत, आणि ती अभ्यासकांच्या बाहेर वाचली गेली. ज्या तालुक्यात आजही पावसाची वाट बघतात, तिथल्या माणसाला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांवर दुष्काळाने काय आणलं असावं, हे त्याच्या भाषेत वाचायला मिळालं. रँकिंगमध्ये या पुस्तकाला किती गुण? शून्य. माझी तक्रार मात्र फक्त रँकिंगशी नाही. असं पुस्तक एखाद्या संशोधकाच्या हौसेवर अवलंबून राहतं. प्रत्येक उत्खननासोबत मराठीतला एक छोटा अहवाल त्या गावासाठी निघाला पाहिजे, हा नियम करायला कुणाची परवानगी लागते?

समाजात जाणं म्हणजे काय

तिसरा रकाना सगळ्यात गुळमुळीत. इथे तीन उदाहरणं शेजारी ठेवते.

पहिलं १९६९ चं. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचं सर्वेक्षण केलं आणि ते डेक्कन कॉलेजने छापलं. धरणाचं कौतुक चालू असताना विद्यापीठातली माणसं विस्थापितांकडे गेली आणि त्यांचं पुढे काय झालं ते लिहून आणलं. आज डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत-कोशशास्त्र हे तीन विभाग आहेत. समाजशास्त्राचा विभाग उरलेला नाही. प्रगतीच्या अहवालात नवीन सुरू झालेलं लिहितात, बंद पडलेलं लिहीत नाहीत. जिवंत माणसांशी त्यांच्या आजच्या अडचणींबद्दल बोलणारा विभाग जाणं, ही माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घट आहे. तिची चर्चा जवळजवळ होतच नाही.

दुसरं उदाहरण राखीगढीचं. हरियाणातल्या या हडप्पाकालीन स्थळावर डेक्कन कॉलेजच्या चमूने उत्खनन केलं. साठाहून अधिक नमुने तपासले, त्यांतल्या एकाच व्यक्तीचा डीएनए वाचण्याजोगा मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावरचा निबंध 'सेल' या नियतकालिकात आला. त्या व्यक्तीत स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, असं त्यात होतं. त्याच वेळी 'सायन्स'मध्ये आलेल्या, काही सामायिक लेखक असलेल्या मोठ्या अभ्यासात तो अंश इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात दक्षिण आशियात आला, असं दाखवलं होतं. दोन्ही निष्कर्ष एकमेकांत नीट बसतात: आधी नव्हता, नंतर आला. पण पत्रकार परिषदेतून लोकांपर्यंत पोचलं ते 'आर्यांचं आगमन झालंच नाही' असं. निबंधातल्या पुराव्याच्या पलीकडे हे विधान जातं, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती मला रास्त वाटते. रँकिंगच्या हिशोबात हा निबंध सोन्यासारखा: नामांकित नियतकालिक, भरपूर उद्धरणं. समाजाशी नात्याच्या हिशोबात मात्र गडबड. एका नमुन्याचा अर्थ किती ताणायचा, हे लोकांना सांगणं हीसुद्धा संशोधकाचीच जबाबदारी आहे.

तिसरं उदाहरण मराठी बोलींचं. घाटग्यांनी १९६० च्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी अशा बोलींची वर्णनं एकेक पुस्तकाच्या रूपात काढली होती. तोच धागा भाषाशास्त्र विभागाने सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या सोबतीने पुन्हा उचलला. गावोगावी जाऊन लोकांच्या तोंडच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या, शब्द आणि व्याकरणातले फरक नोंदवले आणि हे सगळं संकेतस्थळावर खुलं ठेवलं. कोणीही उघडावं, आपल्या भागाची बोली ऐकावी.

'मुलगी'ला कुठे पोरगी म्हणतात, कुठे लेक, कुठे चेडू. शाळेत मात्र यातला एकच शब्द 'शुद्ध' ठरतो आणि बाकीचे बोलणारं पोर गप्प बसायला शिकतं. बोलीला स्वतःचे नियम असतात, हे भाषाशास्त्र कधीपासून सांगत आलं आहे. आता त्याचा पुरावा मोबाईलवर ऐकता येतो. वर मी तीन प्रश्न विचारले, त्या तिन्हींना या प्रकल्पाकडे बऱ्यापैकी उत्तर आहे. जमवलं, खुलं केलं, परत पोचायची वाट तयार केली. शेवटचा टप्पा उरला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात ही ध्वनिमुद्रणं वापरली गेली, तर वर्तुळ पुरं झालं म्हणता येईल.

मग निकाल काय?

डेक्कन कॉलेजने प्रगती केली का? माल जमवण्यात आणि माणसं घडवण्यात, निःसंशय. तो माल खुला करण्यात ते उशिरा जागं झालं, पण जागं झालं आहे. लोकांकडे परत जाण्यात मात्र ते व्यक्तींच्या भरवशावर चाललं आहे. कुणी कर्वे असतात, कुणी ढवळीकर असतात, तेव्हा होतं. नसतात तेव्हा राहून जातं. बोलींचा प्रकल्प दाखवतो की हे काम संस्थेच्या पातळीवरही जमू शकतं. तीच पद्धत कोशाला आणि उत्खननांना लावणं, ही पुढच्या प्रगतीची खरी कसोटी आहे.

तुम्ही पीएचडीसाठी मानव्यविद्यांचं कुठलंही विद्यापीठ बघत असाल, तर रँकिंग बघाच, पण सोबत एवढं शोधा.

एक, त्या विभागाकडे स्वतःचा कच्चा माल काय आहे? हस्तलिखितं, ध्वनिमुद्रणं, खापरं, सर्वेक्षणाचे कागद. आणि नव्या विद्यार्थ्याला त्याला हात लावता येतो का?

दोन, गेल्या पंचवीस वर्षांत तिथलं काय बंद पडलं? अहवालात मिळणार नाही, जुनी माहितीपत्रकं शोधा.

तीन, मार्गदर्शकाचं एखादं काम त्या विषयातल्या लोकांच्या भाषेत आहे का? भाषण चालेल, पुस्तिका चालेल.

चार, तिथल्या संशोधनाची बातमी आणि मूळ निबंध शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत किती अंतर आहे ते बघा. तुमच्या कामाची बातमीही उद्या तिथूनच निघणार आहे.

ही उत्तरं शोधायला दोन-तीन दुपारी पुरतात. एक दुपार ग्रंथालयात घालवा आणि एक तिथे पीएचडी करणाऱ्या कुणाशी तरी चहा पिण्यात. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरा.